आमच्या टाकीतले गप्पी कुणी खाल्ले?

माणसाच्या एका तोंडात बत्तीस दात गुण्यागोविंदाने नांदवणं हा माझा धंदा आहे. मग एका टाकीत तीन-चार जातींचे मासे नांदवायला कितीसं डोकं लागणार? असं मी बायकोला म्हणालो आणि तिथेच फसलो!

मी सुमंत, श्रीगोंद्यातला दातांचा डॉक्टर. पुढे दवाखाना, मागे घर. अख्ख्या तालुक्याच्या दाढा मी उपटतो, पण माझ्या स्वतःच्या बायकोची, सुनीतीची, दाढ कधीची ठणकत होती आणि ती मला तोंड उघडून दाखवायला तयार नव्हती! गालात लवंग धरून शाळेत शिकवायला जायची, घरी येऊन खुणांनी बोलायची. "नुसती खुर्चीवर बस तरी," म्हटलं, की तिला एकदम कपडे वाळत घालायचे आठवायचे.

मासे बघत बसलं की पेशंटची भीती जाते, असं मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून पेशंट थांबतात त्या बैठकीत काचेची टाकी आणून ठेवली. सुनीतीने लवंग या गालातून त्या गालात नेली आणि म्हणाली, "आधी हे मासे एकत्र नीट नांदवून दाखव. मग माझ्या दाढेला हात लाव."

"एवढंच?" मी म्हणालो. "समज, दाढ बरी झाली!"

नगरला उझैरभाईंच्या माशांच्या दुकानात मी तोंडात बघायचा आरसा खिशात घालूनच गेलो. माझा सिद्धांत सरळ होता. मासा माशाला का खातो? तोंडात मावतो म्हणून! तेव्हा ज्याचं तोंड लहान, तो सज्जन. मी काचेला नाक लावून एकेकाचा जबडा न्याहाळू लागलो आणि दुकानातली गिऱ्हाइकं मला न्याहाळू लागली.

"सर, काय बघताय?" उझैरभाईंनी विचारलं.

"चावा!"

ते जरा मागे सरकले. मी गप्पी निवडले, मॉली निवडले, एक पांढराशुभ्र एंजल निवडला, आणि पट्ट्यापट्ट्यांचे टायगर बार्ब. त्यांचं तोंड तर मुगाएवढं!

"हे सगळे एकत्र चालतील ना?"

"चालतील की सर! आमच्याकडे चालतातच ना!"

त्यांच्याकडे प्रत्येक जात वेगळ्या टाकीत होती, हे मला घरी आल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी गप्पींच्या झुपकेदार शेपट्या पाहिल्या, तर कात्री बोथट असलेल्या न्हाव्याकडून आल्यासारख्या! बार्ब गिळत नव्हते, नुसते कुरतडत होते. सुनीतीने फक्त गालावर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मी बार्ब पिशवीत भरून परत नगरला.

"सर, तुम्ही विचारलंत, चालतील का," उझैरभाई शांतपणे म्हणाले. "टिकतील का, असं कुठं विचारलंत?"

बार्ब गेले आणि टाकीत खरंच शांतता आली. शेपट्या पुन्हा वाढू लागल्या. सुनीती शाळेतून आली की पर्स न ठेवता आधी टाकीपुढे बसायची. "सुमंत, हा मॉली सारखा काच का चाटतो? मासे झोपतात तरी कधी?" लवंग धरून का होईना, पण बोलायला लागली! मी मनातल्या मनात खुर्ची पुसून ठेवली.

अशात विसापूर तलावाकडचे बजरंगराव कवळी ढिली झाली म्हणून आले. टाकी बघून खूश झाले.

"डॉक्टर, मासं पाळलं व्हय! मग आमच्या तळ्यातलं आनतो की!"

पुढच्या खेपेला ते खरोखरच डब्यातून पिल्लं घेऊन आले. बोटभर लांबीची, अंगावर नारिंगी रेघ, तोंड बंद असताना दिसतसुद्धा नव्हतं! माझ्या सिद्धांतात अगदी चपखल. तरी यावेळी मी शहाणा झालो होतो. सगळं विचारून घेतलं.

"शांत आहेत ना हो?"

"लई शांत! एका जागी बसून ऱ्हात्यात."

"खायला काय घालायचं?"

"त्येंचं त्ये बगत्यात. तुमाला तरास न्हाई."

"जगतील ना?"

"आवं, झ्याक वाढत्यात!"

यापेक्षा गुणी मासा कुठे मिळणार? मी पिल्लं टाकीत सोडली. तळाशी जाऊन ती खरोखरच बसून राहिली. मधूनच एखादं वर येई, हवेचा एक घोट घेई आणि पुन्हा खाली. मला तर त्यांचं वळणच आवडलं!

आणि मग गप्पी कमी व्हायला लागले.

आधी वाटलं, मोजण्यात चूक. मग माझी मदतनीस रुपाली म्हणाली, "सर, उड्या मारून बाहेर पडत असतील." आम्ही दोघं सोफ्याखाली पालथे पडून शोधत असताना एक पेशंट आत आला आणि आल्या पावली परत गेला! टाकीवर जाळी बसवली. गप्पी तरीही कमीच. मग फिल्टर उघडला. त्यात शेवाळ निघालं, गप्पी नाही.

"एंजलच असणार," सुनीती म्हणाली. "पांढऱ्या कपड्यातल्यांवर माझा विश्वास नाही."

मी पांढऱ्या कोटातच उभा होतो. निमूटपणे एंजलला बादलीत कैद केलं. तरी सकाळी आणखी दोन गप्पी गायब! एंजल निर्दोष ठरला, तरी सुरक्षित म्हणून बादलीतच राहिला.

सर्वांत वाईट वाटलं ते त्या नारिंगी पिल्लांचं. तीही एकेक करत नाहीशी झाली आणि शेवटी एकच उरलं. भावंडं गेलेलं ते पोर! मी त्याला जास्तीचं खाऊ घालू लागलो. दुःखात असूनही ते चांगलं वीतभर झालं होतं.

शेवटी रविवारी दुपारी मी आणि सुनीती टाकीपुढे ठाण मांडून बसलो. काय होतंय ते बघितल्याशिवाय उठायचं नाही! शेवटचा मॉली काच चाटत होता. ते अनाथ पोर तळाशी लाकडासारखं पडलेलं. बराच वेळ काहीच नाही. आणि एकाएकी...

खप्प!

मॉली नव्हता!

त्या नसलेल्या तोंडाचं क्षणात दार झालं, मॉली आत गेला, दार बंद. आणि मी, दातांचा डॉक्टर, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आत दात होते! बारीक, टोकदार, हारीने!

"अगंबाई!" सुनीतीचा आ वासला तो वासलाच. आणि त्या आ मध्ये, डावीकडे खाली, मला दिसली, ती दाढ! हा एवढा खड्डा!

"तशीच राहा! हलू नकोस!" मी मासा सोडून खिशातला आरसा काढला आणि झेपावलो.

खप्प! तिनेही तोंड मिटलं. आरसा आत, माझं बोट थोडक्यात बाहेर.

दुसऱ्या दिवशी बजरंगरावांना बोलावून घेतलं. ते टाकीपुढे उभे राहिले आणि चक्रावले. "आवं डॉक्टर, ही मरळ! वाढवून कालवनाला दिल्ती की तुमास्नी! आजून खेळवताय व्हय?"

"तुम्ही शांत म्हणाला होतात!"

"शांतच हाय की! खाताना वरडती व्हय?"

"आणि माझे बाकीचे मासे?"

"त्ये तिला चारायला ठिवलं न्हवतं?" बजरंगराव खरोखरच हळहळले. "मी तर गावात सांगितलं, डॉक्टरची सोय लई भारी."

आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, हे ऐकून त्यांनी मरळ बादलीत घातली आणि घेऊन गेले. ती तळ्यात गेली की कालवणात, मी विचारलं नाही. पुढच्या वेळी आले तेव्हा कवळी झकास चालते म्हणाले.

सुनीतीने त्याच आठवड्यात नगरच्या एका डॉक्टरांकडे जाऊन दाढ भरून घेतली. मला कळलं ते तिने चिक्की खाल्ली तेव्हा!

"माझ्यात काय कमी होतं?" मी विचारलं.

"काही नाही रे. त्यांनी आरसा घालायच्या आधी विचारलं, कुठे दुखतंय."

आता आमच्या टाकीत फक्त गप्पी आहेत, नवे आणलेले. एंजलसुद्धा उझैरभाईंना देऊन टाकला. एक जात, एक स्वभाव, भांडणाला जागाच नाही! हे मी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला अधिकाराने सांगतो. काल एका गप्पीला पिल्लं झाली. नुसते डोळेच दिसावेत अशी पिल्लं, टिपक्यांसारखी तरंगत होती. मी ओरडलो, "सुनीती, धाव! बाळंतीण बघ!"

ती पोळी तव्यावर टाकून धावत आली. तोपर्यंत बाळंतिणीने निम्मी पिल्लं खाल्ली होती.