लोमन विरुद्ध लोमन

शनिवारच्या सामन्याला दोन दिवस उरले असताना समोरचा संघच संपला, ही बातमी ल्युमिर वोंद्राला स्वतःच्या गालिच्यांच्या दुकानात, जमिनीवर रांगत माप घेताना कळली. फोन त्याच्या बायकोनं, आर्डिसनं घेतला होता. तिनं तो ठेवला आणि हिशेबी आवाजात सांगितलं,

"कोयोट्स गेले."

"कुठं गेले?"

"आपापल्या घरी. पेट्रोल पंपावर बस बंद पडली. मालक मेकॅनिकला घेऊन येतो म्हणून गेला, तो आलाच नाही. पोरांनी वाट बघितली, चिप्स खाल्ले आणि मिळेल त्या गाडीनं पांगली. त्यांच्यातल्याच एकाचा फोन होता. तुला सॉरी म्हणालाय."

ल्युमिरच्या हातातून मापाची पट्टी सुटली आणि सुर्रकन डबीत जाऊन बसली.

नेब्रास्कातलं आमचं लोमन हे गाव लोक फक्त रस्ता चुकल्यावर बघतात. सिनेमाचं थिएटर बंद पडलं, शाळा शेजारच्या गावात गेली, रेल्वे थांबायची तीही आता शिट्टी वाजवून पुढे निघून जाते. लोमन कुठं आलं, असं कुणी विचारलं की आम्ही शेजारच्या गावाचं नाव सांगतो. ल्युमिरला या गोष्टीचा मनापासून राग होता. लोमनचं नाव पेपरात यावं, निदान खेळाच्या पानावर तळाशी तरी यावं, म्हणून त्यानं छपराखाली खेळायच्या, चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलचा पगारी संघ काढला. नाव ठेवलं थ्रेशर्स, म्हणजे मळणीवाले. जत्रेत गुरांचं प्रदर्शन भरतं तो हॉल मिळवला. आठ-आठ गडी, इवलंसं मैदान, कडेला गाद्या लावलेली भिंत आणि भिंतीला चिकटून खुर्च्या. पुढच्या रांगेत बसलं की एखादा गडी भिंतीवरून थेट मांडीत येऊन पडतो. चेंडू मांडीत पडला तर तो घरीच न्यायचा, अशी पद्धत आहे. गडी परत द्यावा लागतो.

मैदानाची नकली हिरवळ ल्युमिरनं दुसऱ्या एका बंद पडलेल्या संघाकडून आणली. ती एका टोकाला कमी पडली. नेमकी तिथं, जिथं चेंडू घेऊन पोहोचलं की गुण मिळतात. त्याच आठवड्यात दुकानात एक गुलाबी, मऊ गालिचा येऊन पडला होता. आर्डिसनं तो बेडरूमसाठी पसंत केला होता. गालिचेवाल्याच्या घरात लग्नापासून जमिनीला उघड्या फळ्या होत्या. ल्युमिरनं तो गालिचा हिरवा रंगवला आणि त्या टोकाला ठोकून टाकला, वर संघाचं नाव पांढऱ्या अक्षरांत रंगवलं. घाईत लव आडवी गेली. डावीकडून आलं तर पाय धरायचा, उजवीकडून आलं की माणूस आडवा. रंगही नीट बसला नाही. खेळाडू त्या टोकाला 'बेडरूम' म्हणू लागले.

आर्डिस काही बोलली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ती काही बोलली नाही म्हणजे काय, हे ल्युमिरला कळायला हवं होतं.

दुपारी पुन्हा फोन वाजला. लीगचे आयुक्त व्हिटकॉम साहेब बोलत होते.

"वोंद्रा, आपल्या लीगमध्ये आता दोनच संघ राहिले. तुमचा आणि कोयोट्स."

"हो, ते जरा..."

"नीट ऐका. मोठी लीग आपल्यातला एक संघ पुढच्या वर्षी घ्यायला तयार आहे. शनिवारी जो जिंकेल तो. मी स्वतः बघायला येतोय. सामना झाला नाही, तर कुणीच नाही. कोयोट्स येतायत ना?"

ल्युमिर चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा माणूस. त्यानं डोळे मिटले.

"येतायत साहेब. जोरात येतायत."

संध्याकाळी हॉलमध्ये त्यानं सगळ्यांना गोळा केलं. प्रशिक्षक डेल ट्रॅमेल डोकं धरून बसला.

"मालक, आपल्याच पोरांचे दोन भाग करायचे? आपल्याकडे धड एक भाग नाहीये!"

"गावातले घेऊ. मेव्हण्याला विचारलंय."

मेव्हणा म्हणजे आर्डिसचा धाकटा भाऊ गस. व्यवसायानं नळदुरुस्तीवाला, देहानं कपाट. तो म्हणाला, "दाजी, मी येतो. पण नियम सांगा. मी आजपर्यंत फक्त खिम्याची गरम चिली खायला येत होतो."

फादर क्लीटस तरुणपणी खेळलेले होते. त्यांनी अट घातली. "मी खोटं बोलणार नाही. पण डोक्यावर हेल्मेट असताना मला कुणी काही विचारणार नाही, आणि मी आपणहून काही सांगणार नाही."

तरीही कोयोट्स खरे वाटायला हवे होते, म्हणून ल्युमिरनं काळजावर दगड ठेवून आपला सगळ्यात चांगला गडी, चेंडू फेकणारा रोमेल पेटवे, तिकडे दिला. रोमेल टेक्सासचा. वर्षभर दिवसा ल्युमिरच्याच दुकानात गालिच्यांच्या गुंडाळ्या उचलायचा आणि शनिवारी थ्रेशर्ससाठी हरायचा.

"आता तिकडूनही हरायचं?" त्यानं विचारलं.

"तिकडून तर नक्कीच हरायचं."

राहिला प्रश्न कपड्यांचा. थ्रेशर्स हिरव्या कपड्यांत घरी खेळत, पांढऱ्या कपड्यांत बाहेर. पांढरे कोयोट्सना द्यायचे ठरलं. ते धुवायचं काम डेलकडे होतं. त्यानं ते बाथरूमच्या नव्या हिरव्या पायपुसण्यांबरोबर धुतले. शनिवारी सकाळी दोन्ही संघ हिरवे होते. एक जरा गडद, एक जरा आजारी.

"आणि यांचा प्रशिक्षक कोण?" डेलनं विचारलं. "मी दोन्हीकडून ओरडलो तर त्या साहेबाला संशय येईल."

सगळ्यांनी इकडे तिकडे बघितलं. आर्डिस दाराशी दालचिनीचे रोल मांडत होती.

"आर्डिस, तू उभी राहा," ल्युमिर म्हणाला. "काही करायचं नाही. हाताची घडी घालायची आणि हरायचं."

"ठीक आहे," आर्डिस म्हणाली.

शनिवारी हॉल भरला. एरवी रिकाम्या खुर्च्यांना टाळ्या वाजवायची सवय झालेले खेळाडू बुजले. साहेबांना सोडून सगळ्या गावाला आतली गोष्ट माहीत होती, आणि ती बघायला सगळं गाव आलं होतं. व्हिटकॉम साहेब चिलीची वाटी आणि दालचिनीचा रोल मांडीवर घेऊन ल्युमिरशेजारी बसले.

कोयोट्स मैदानात उतरले तसा हॉल टाळ्यांनी दणाणला.

"तुमचे लोक पाहुण्यांवर फार प्रेम करतात," साहेब म्हणाले.

"स्वभावच आहे साहेब."

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या टूपाबाई उठून उभ्या राहिल्या. "गस! ए गस! माझ्या बेसिनचं काय झालं?"

मैदानातून कपाट वळलं. "सोमवारी येतो काकू! वॉशर मागवलाय!"

साहेबांचा चमचा वाटीतच थांबला.

"हा पाहुणा त्यांचं बेसिन दुरुस्त करतो?"

"आमच्याकडे..." ल्युमिरला घाम फुटला, "आलेल्या पाहुण्याला काहीतरी काम सांगायची पद्धत आहे. त्यानं त्यांना परकं वाटत नाही."

खेळ सुरू झाला आणि दहा मिनिटांत कोण कुणाचा हे कुणालाच कळेना. गडद हिरवे फिक्या हिरव्यांना चेंडू देऊ लागले. पंचानं एकाच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला केली, मग माफी तिसऱ्याची मागितली. माइकवरून खेळ सांगणारा पोस्टमास्तर तर "चेंडू हिरव्याकडे गेला, हिरव्यानं अडवलं" एवढंच घोकत राहिला. सगळा गोंधळ बघून प्रेक्षकांनी सोपा मार्ग काढला. कुणीही काहीही केलं की ते टाळ्या वाजवत.

थ्रेशर्सच्या गड्यानं चेंडू उंच फेकला तो बरोबर गसच्या छातीवर. गसनं तो तान्ह्या बाळासारखा धरला आणि घाबरून पळत सुटला. उलट्या दिशेनं. फादर क्लीटसनी त्याला दोन्ही खांद्यांना धरून वळवलं, पाठीत एक धपाटा घातला, आणि गस वाटेतल्या दोघांना लोळवत पार टोकाला जाऊन पोहोचला. तिथं पोहोचल्यावर त्याला आपण काय केलं ते कळलं.

"सॉरी, दाजी!" तो प्रेक्षकांकडे बघून ओरडला.

"तो तुम्हाला दाजी म्हणाला?" साहेबांनी विचारलं.

"तिकडे सगळ्यांनाच म्हणतात साहेब. प्रेमळ लोक आहेत."

मध्यंतराला कोयोट्स पुढे होते. ल्युमिर साहेबांसाठी कॉफी आणतो असं सांगून धावत पलीकडे गेला.

"आर्डिस! तुम्ही जिंकताय!"

"दिसतंय मला."

"हरायचं ठरलं होतं ना?"

"मग तुमच्या पोरांना सांग ना, चेंडू आमच्याकडे टाकू नका. झेलला नाही तर नाकावर बसतो." तिनं हाताची घडी सोडली नव्हती. "ल्युमिर, एक विचारू? माझा गालिचा घरी कधी येणार?"

"हंगाम संपला की लगेच."

"आणि आज तुम्ही जिंकलात तर?"

"तर मग... पुढचा हंगाम आहे. तेव्हा तो लागणारच. पण त्याच्यानंतर लगेच!"

"बरं," आर्डिस म्हणाली.

दुसऱ्या भागात डेलनं आपल्या पोरांच्या दंडांना दुकानातल्या पिवळ्या चिकटपट्ट्या गुंडाळल्या. त्यासरशी थ्रेशर्सना आपली माणसं ओळखू येऊ लागली, चेंडू जिथं जायचा तिथं जाऊ लागला आणि ते पुढे गेले. ल्युमिरला पहिल्यांदा श्वास घेता आला. पेपरातलं तळाचं पान त्याला डोळ्यांसमोर दिसू लागलं. शेवटचं मिनिट उरलं. चेंडू कोयोट्सकडे होता, पण कोयोट्स हरणार होते. तसं ठरलंच होतं.

आर्डिसनं रोमेलला बोलावलं.

"बेडरूमकडे पळ. डावीकडून."

"मॅडम, आपल्याला हरायचंय ना?"

"तुला हरायचंय?"

रोमेलनं हातातला चेंडू एकदा फिरवला. त्याला वर्षभरातले सगळे शनिवार आठवले असावेत.

"नाही मॅडम."

"मग पळ."

रोमेल पळाला. भिंतीच्या कडेकडेनं, डावीकडून. "बेडरूमकडे! बेडरूमकडे!" असं सगळं गाव ओरडायला लागलं, आणि व्हिटकॉम साहेबांनी दचकून मागे बघितलं. थ्रेशर्सचे तिघं त्याला अडवायला उजवीकडून झेपावले, त्यांचे पाय गालिच्यावर पडले आणि तिघंही एकापाठोपाठ एक गाद्यांच्या भिंतीवर जाऊन आदळले. तिसरा भिंतीवरून टूपाबाईंच्या चिलीत गेला. रोमेल एकटाच त्या मळक्या हिरव्या-गुलाबी तुकड्यावर उभा राहिला आणि दोन्ही हातांनी चेंडू वर धरला.

हॉल नुसता पेटला. लोक खुर्च्यांवर चढले. टूपाबाई मांडीतल्या गड्यालाच मिठी मारून रडत होत्या. आणि ल्युमिर वोंद्रा, थ्रेशर्सचा मालक, दोन्ही हात वर करून बेंबीच्या देठापासून ओरडत होता. लोमनमध्ये एवढा आनंद त्यानं आजवर बघितला नव्हता. आपण हरलो हे त्याला बऱ्याच उशिरा कळलं. तो मटकन खाली बसला.

"तर मग कोयोट्स," साहेब रुमालानं तोंड पुसत म्हणाले.

ल्युमिरला आता राहवेना. "साहेब, कोयोट्स नाहीतच हो. ती सगळी आमचीच आहेत. तो जाडा माझा मेव्हणा आहे. ते नऊ नंबरचे आमचे फादर आहेत. मी खोटं बोललो. मला फक्त गावाला एक संघ हवा होता." त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

"मला माहीत आहे," साहेब म्हणाले.

"काय?"

"कोयोट्सच्या मालकानं गुरुवारी सकाळीच कळवलं होतं. मेकॅनिक शोधता शोधता तो फ्लोरिडाला पोहोचलाय. संघ सोडल्याचं लिहूनही दिलंय त्यानं."

"मग तुम्ही मला विचारलंत कशाला, येतायत ना म्हणून?"

"तुम्ही 'नाही येत' म्हणाला असतात, तर मी कुणाचा आयुक्त राहिलो असतो?" साहेबांनी रोलचा शेवटचा तुकडा चिलीत बुडवला. "हे बघा वोंद्रा, जिंकेल त्याला जागा, असं मी वर कळवलंय. कोयोट्स जिंकले. संघ मला बदलता येणार नाही. गाव बदलता येईल. थ्रेशर्स हरले, म्हणजे हॉल तर हा रिकामाच झालाय. फक्त मला सांगा, कोयोट्सचा मालक आता कोण?"

मैदानात गसनं हेल्मेट काढून आर्डिसकडे बघितलं. रोमेलनं बघितलं. आर्डिस हाताची घडी घालून उभी होती. फादर क्लीटसनी ती घडी हळूच सोडवली आणि तिचा एक हात धरून वर केला.

असा लोमन थ्रेशर्सचा इतिहास पहिल्याच हंगामात आटोपला. सोमवारच्या पेपरात खेळाच्या पानावर तळाशी लोमनचं नाव आलं. लोमनला संघ मिळाला होता. ल्युमिरला मात्र नेमकं काय मिळालं, हे उमगायला जरा वेळ लागला.

"म्हणजे मी आता कोण?" त्यानं घरी विचारलं.

"तू गालिचे छान लावतोस," नवी मालकीण म्हणाली.

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर गस आणि रोमेलनं मैदानाचं ते टोक उखडलं आणि बेडरूममध्ये आणून अंथरलं. थ्रेशर्स या नावातली दोन पांढरी अक्षरं पलंगापासून कपाटापर्यंत पसरली होती. घासून जातात का म्हणून ल्युमिरनं विचारलं. राहू दे, आर्डिस म्हणाली.

त्या रात्री दिवा मालवून तो नेहमीसारखा दाराकडून, उजव्या अंगानं पलंगाकडे निघाला. धप्पकन आवाज झाला.

"डावीकडून," आर्डिस पांघरूण ओढून घेत म्हणाली. "किती वेळा सांगायचं?"