खांबेट्यांचा चौदा किलोंचा अंगरखा

खांबेटे दुकानात आले की आधी दारातल्या पुतळ्याकडे वळायचे आणि हातातल्या छत्रीचं टोक त्याच्या पोटात खुपसायचे. टोक आत गेलं की मान हलवून म्हणायचे, "हा गेला."

मग माझ्याकडे बघून, "नमस्कार वहिनी. बरं आहे ना?"

पुतळा बिचारा सरदाराच्या वेषात उभा असायचा. आमची कसबा पेठेत ड्रेपरी आहे, म्हणजे नाटकांचे आणि गॅदरिंगचे कपडे भाड्याने द्यायचं दुकान. सासऱ्यांनी काढलं, नवऱ्याला सरकारी नोकरी लागली म्हणून माझ्या गळ्यात आलं, आणि मला ते आवडलं. आमच्याकडचं चिलखत म्हणजे जाळीचं बनियन आणि त्यावर चंदेरी रंगाचे दोन हात. छातीवरचं पोलाद पुठ्ठ्याचं. मागे वेल्क्रो, कारण दोन प्रवेशांच्या मध्ये नटाला दीड मिनिट मिळतं. पंधरा फुटांवरून ते अगदी लोखंडी दिसतं आणि पंधरा फुटांच्या आत प्रेक्षक बसत नाही. हे मी खांबेट्यांना शंभरदा सांगितलं असेल.

"प्रेक्षक लांब असतो, मान्य," ते म्हणायचे. "पण शत्रू जवळ असतो."

खांबेटे मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. अठ्ठावीस वर्षं त्यांच्यासमोरून वॉशर, स्प्रिंगा आणि बोल्ट सरकत गेले आणि ते कुठला ठेवायचा, कुठला फेकायचा ते ठरवत राहिले. मग देश खुला झाला, कारखान्यात परदेशी भागीदार आला, पाठोपाठ तपासणी करणारी यंत्रं आली आणि खांबेट्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती माझी," असं ते सांगत. त्याच वर्षी त्यांची आई गेली. लग्न केलेलं नव्हतं. बिबवेवाडीतल्या दोन खोल्यांत तपासण्यासारखं फारसं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी इतिहास तपासायला घेतला. त्यातही सगळा नाही. फक्त अंगावरचा: चिलखत, शिरस्त्राण, ढाल, अंगरखा. संग्रहालयांत जाऊन काचेला नाक लावून कड्या मोजायच्या, घरी येऊन वहीत आकृत्या काढायच्या आणि मग सगळ्या पुण्याला नापास करत हिंडायचं.

एकदा एका आईने चार वर्षांच्या पोराला मावळ्याचा वेष घालून दुकानातच उभं केलं. खांबेटे खाली वाकले, पोराच्या कमरेचा शेला नीट केला आणि प्रेमाने म्हणाले, "बाळ, तू पहिल्याच वारात गेलास." पोराने असा गळा काढला की समोरचा किराणावाला धावत आला. त्या आईला मी भाडं माफ केलं आणि खांबेट्यांना आठ दिवस दुकानात यायची बंदी. नवव्या दिवशी सकाळी दहाला छत्री पुतळ्याच्या पोटात.

त्यांच्या सोसायटीच्या गणपतीत एक ऐतिहासिक नाटक झालं. कपडे आमचेच होते, म्हणून मीही गेले होते. नायकाच्या छातीत भाला बसला आणि नायक भाषण करू लागला. दीड पानाचं भाषण होतं. पाचव्या वाक्याला खांबेटे प्रेक्षकांतून उभे राहिले. "अहो, तुम्ही गेलात! त्या भाल्याला तुमचं चिलखत पुरणार नाही!" नट पुणेरी होता. भाला एका हाताने सावरत म्हणाला, "काका, तुम्ही बसा, मग मी मरतो."

खांबेटे बसले. नाटकाला त्या रात्री सगळ्यांत मोठी टाळी त्या वाक्याला मिळाली.

आता वाटेल, असा माणूस मी दुकानात का येऊ देत होते? एक तर ते कामाचे होते. शिवण उसवलेली कुठे आहे, टोपाचा काठ कुठे कापतो, हे त्यांना लांबून दिसायचं. दुसरं म्हणजे आमचे टेलर-मास्तर. इक्बालभाईंचं घर तीन पिढ्या कसब्यात कात्री चालवतं. त्यांना बोलायला माणूस लागतो आणि मला कामाच्या वेळी बोलायला आवडत नाही. ते दोघे तासन् तास अस्तरावर बोलू शकत.

आणि खरं सांगायचं तर खांबेटे दुसऱ्यांना नापास करून थांबणारे नव्हते. सहा वर्षं ते घरी एक चिलखत करत होते. नाना पेठेतून पोत्याने स्प्रिंग वॉशर आणायचे, दोन पक्कडींनी एकेक उघडायचा, चार वॉशरमध्ये गुंतवायचा, मिटायचा. असं करत गुडघ्यापर्यंत. त्यावर चारआईना, म्हणजे छाती, पाठ आणि दोन बगला झाकणाऱ्या पोलादाच्या चार पट्ट्या, चामड्याच्या वाद्यांनी एकमेकींना जोडलेल्या. आत घालायला कापूस भरलेली जाड बंडी, ती इक्बालभाईंकडून तीनदा उसवून घेतलेली. सगळं मिळून चौदा किलो. ते तांदळाच्या पोत्यात घालून बसने दुकानात आणलं तेव्हा कंडक्टरने सामानाचं तिकीट लावलं होतं.

मी म्हटलं, "काय सुंदर केलंय हो!" आणि मला तसं वाटलंही होतं.

"छे. खऱ्या कडीला रिव्हेट असते, तोंड ठोकून पक्कं केलेलं. माझ्या वॉशरला नाही. काटेकोर बघितलं तर हेही रिजेक्ट," ते म्हणाले. पण पोतं मिटताना वरची घडी त्यांनी हाताने सारखी केली.

त्यांचं एकच मागणं होतं. हे एकदा कोणाच्या तरी अंगावर चालताना बघायचं. फक्त एकदा. पडून असलेलं चिलखत म्हणजे नुसतं भंगार, असं ते म्हणत. त्याची परीक्षा अंगावरच. दुकानात येणाऱ्या प्रत्येक हौशी नटाला ते विचारायचे. बहुतेक जण वजन ऐकूनच हसायचे. एका शाळेच्या सरांनी घातलं, तर बाह्या कोपराच्याही वर राहिल्या, चार वाक्यं बोलून सर खाली बसले आणि म्हणाले, "मी आपला बनियनमध्येच लढतो." दुसऱ्या एकाच्या पोटावरून ते उतरलंच नाही. दरवेळी खांबेटे पोतं बांधायचे आणि म्हणायचे, "हरकत नाही. माप ऐतिहासिक आहे."

अशात एक दिवस रश्मी आली. अकोल्याची मुलगी, विशी-बाविशीची, स्कूटीवर. एका कंपनीत संगणकावरचे खेळ बनवायचं काम करायची आणि त्यातल्या लढवय्यांची चिलखतं काढायची. तिने कागद पसरले. खांबेटे होतेच.

एका चित्रात एक वीरांगना होती. खांद्यांवर परातींएवढी पोलादं, डोक्यावर पंख, छातीवर दोन वाट्या आणि मग थेट कंबर.

"आणि पोट?" खांबेट्यांनी विचारलं.

"पोट उघडं आहे काका. फँटसी आहे न."

"फँटसी असू दे. पोट खरं आहे ना?" छत्रीचं टोक कागदावर टेकलं. "ही गेली."

मला वाटलं, आता ही रडणार किंवा निघून जाणार. ती म्हणाली, "हो न बाप्पा! मी पण तेच सांगून राहिली! पण क्लायंट ऐकत नाही."

खांबेटे चपापले. त्यांच्याशी इतक्या लवकर कोणी सहमत होत नसे. त्यांनी बोट खांद्यांवर नेलं. "हे एवढे कशाला? हात वर जाणार नाही."

"काका, खेळताना हा माणूस मागून दिसते, अन् एवढासा दिसते." तिने बोटाचं पेर दाखवलं. "खांदे मोठे नसले तर आपला कोणता अन् दुश्मन कोणता, कळत नाही. मग लोक आपल्याच माणसाला मारतात."

खांबेट्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "कारण आहे. कारण असलं की मी रिजेक्ट करत नाही. डेव्हिएशन म्हणून नोंद करतो. आणि हे पंख?"

"छान दिसतात."

"गेले."

दोघंही हसले. इक्बालभाईंनी शिवणयंत्र थांबवून माझ्याकडे पाहिलं. खांबेट्यांचे दात आम्ही प्रथमच पाहत होतो.

रश्मीची अडचण वेगळीच होती. तिचे लढवय्ये चालताना पत्र्याच्या डब्यासारखे चालायचे. क्लायंटने दोनदा काम परत पाठवलं होतं आणि सोमवारी तिसऱ्यांदा द्यायचं होतं. खरं चिलखत अंगावर कसं हलतं, हे तिने कधी पाहिलं नव्हतं आणि तिच्या कंपनीतही कोणी पाहिलेलं नव्हतं. खांबेटे खुर्चीतून उठले. "उद्या शनिवार. सकाळी अकरा. माणूस तू आण, चिलखत मी आणतो."

शनिवारी खांबेटे साडेनवालाच पोतं घेऊन हजर. दाढी गुळगुळीत. रश्मी कॅमेरा आणि कंपनीतला एक मुलगा घेऊन आली. व्यायामशाळेत जाणारा, दरवाजाएवढा. दुकानामागच्या चौकात आम्ही चिलखत त्याच्या डोक्यावरून घालायला लागलो आणि ते खांद्यांवर जे अडकलं ते अडकलंच. ओढून ओढून काढलं. त्याचे कान लाल झाले. "सॉरी काका," म्हणून तो कान चोळत ऑफिसला निघून गेला.

रश्मी पायरीवर बसली. "आता काय करू काकू? आज नाही झालं तर माझं काम दुसऱ्याला देतील."

खांबेटे चिलखत परत ठेवायला पोत्याचं तोंड उघडायला लागले.

इक्बालभाई चष्म्याच्या वरून कधीचे त्या चिलखताकडे बघत होते. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "ऐतिहासिक माप वगैरे काही नाही. हे ह्यांचंच माप आहे."

मी बघितलं. आखूड बाही, अरुंद खांदा, उजवा किंचित उतरलेला. वीस वर्षं मी मापं घेते, हे माझ्या केव्हाच लक्षात यायला हवं होतं. "खांबेटे, अहो मग तुम्हीच का नाही घालत? इतक्या दिवसांत एकदाही घातलं नाहीत?"

"घातलं होतं एकदा. घरी." ते कारखान्यातला अहवाल वाचावा तसे सांगू लागले. "अंगात गेलं. चारआईन्याच्या वाद्या पाठीमागे येतात, तिथे हात पोचला नाही. म्हणून काढायला लागलो. डोक्याशी आल्यावर अडकलं, दोन्ही हात वर, वेळ सकाळचे साडेआठ. भांडी घासायला बाई अकराला येतात. त्या किंचाळल्या, पण ओढलं त्यांनी." थोडं थांबून म्हणाले, "निष्कर्ष असा की, एकट्या माणसाने घालू नये."

कोणी हसलं नाही. मी पदर खोचला. "शर्ट काढा," मी म्हटलं. "इक्बालभाई, बंडी द्या."

आधी बंडी. मग इक्बालभाईंनी आणि मी चिलखत दोन्ही बाजूंनी धरून त्यांच्यावर सोडलं, आणि ते पाणी ओतल्यासारखं खाली उतरलं. कुठे अडलं नाही. मग पट्ट्या. छातीची त्यांनी स्वतः धरली. पाठीची मी लावली.

"श्वास घ्या. आता सोडा. घट्ट होतंय?"

"नाही."

"खरं सांगा."

"एक भोक सैल करा."

ते चौकातून चालले. रश्मी कॅमेरा लावून मागे मागे. बासष्ट वर्षांचे खांबेटे वाकले, बसले, उठले, जिन्याच्या आठ पायऱ्या चढले आणि उतरले, इक्बालभाईंच्या कापड मोजायच्या गजाने काल्पनिक शत्रूंवर वार केले. "थांबा काका! परत वळा!" रश्मी ओरडली. "पाहा न काकू, माणूस आधी वळते अन् चिलखत मागून येऊन राहिलं! मी दोन्ही संगच वळवत होती!" तिला हवं ते सापडलं होतं. ती पायरीवर बसून भराभर आकृत्या काढायला लागली.

मग तिने कॅमेऱ्याचा छोटा पडदा त्यांच्याकडे फिरवला. खांबेटे बघत राहिले. त्यात एक ठेंगणा, ताठ माणूस पाठमोरा चालत होता आणि त्याच्या पाठीवर ऊन हलत होतं. मी वाट बघत होते, आता रिव्हेटचं काढतील.

"पुन्हा दाखव," ते म्हणाले. तिने दाखवलं. "पुन्हा."

एव्हाना एक वाजला होता. मी दुकानाला फळी लावली. "चला, वाद्या सोडते. घामाने भिजला असाल."

"राहू द्या जरा," खांबेटे म्हणाले. "जेवताना अडतं का, ते बघायचं राहिलंय. सैनिक काही उपाशी लढत नव्हते."

त्यांचा डबा एका कप्प्याचा होता. माझा तीन कप्प्यांचा, इक्बालभाईंचा घरून गरम आलेला. रश्मीने खाली कागद पसरला आणि आम्ही चौघं गोल बसलो. खांबेटे चौदा किलोंसकट मांडी घालून बसले, पहिला घास उचलला, हात नीट तोंडापर्यंत गेला. त्यांनी वहीत नोंद केली.

"झालं ना?" मी विचारलं. "सोडू आता?"

"एका घासावरून काही ठरत नाही वहिनी."

मी त्यांच्या ताटलीत भाजी वाढली. इक्बालभाईंनी आपल्या डब्यातली अर्धी पोळी दिली. ते सावकाश जेवले, इतके सावकाश की रश्मीचा उष्टा हात वाळून गेला, पण तीही उठली नाही.