काश्का-कोल सरोवराची स्वारी व कलिंगडाचे पतन

काश्का-कोल सरोवरावर जुलै मासी जी स्वारी जाहली, तिची खरी हकीकत पुढिलांस ठाऊक असावी, कोणी पदरचे तिखटमीठ लावू नये, म्हणोन जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे. वाचणाराने पाय पसरून, चहा जवळ घेऊन वाचावे.

तेरेक-सू गावी उमसुनाय बाईसाहेब, भूगोलाच्या निवृत्त मास्तरीण, बुद्धीने तिखट आणि गुडघ्यांनी जरा नरम, नांदत होत्या. त्यांस गावच्या कचेरीतून हुकूम आला की डोंगरवाटेने चालणाऱ्या पाहुण्यांकरिता खिंडीच्या तोंडाशी सूचनांची पाटी लावणे आहे, सबब मजकूर सोमवारी रंगाऱ्याचे हवाली करावा. मग बाईसाहेबांनी एका बैठकीत कलमे लिहिली, की पहाटेच निघावे, कारण उन्हाने बर्फ वितळोन नदी दुपारी चढते. आणि ओझे हलके घ्यावे. आणि नदी अरुंद जागी न उतरता पसरट जागी उतरावी, अनवाणी तर बिलकुल उतरू नये. आणि पाठपिशवीचे पट्टे सोडून ठेवावे, म्हणजे पाय घसरला तर पिशवी जाईल, माणूस राहील. आणि अखेरीस मोठ्या डौलाने लिहिले, की सरोवर दोन तासांवर आहे.

तो कागद त्यांची वडील नणंद बूबूश, जीस अवघा गाव एजे म्हणजे थोरली ताई म्हणे, तिने वाचिला, आणि भर चहात सवाल केला.

"वहिनी, एकतीस वर्षं पोरांना शिकवलंस, आता पाटी लावतेस. पण तू ते तळं कधी पाहिलंयस का गं?"

बाईसाहेबांनी पाहिले नव्हते. उन्हाळा आला की बटाट्याची खणणी, नाही तर सुनेचे बाळंतपण. नकाशात मात्र रोज पाहिले होते. शब्द काळजास लागले, कारण ते खरे होते. मग तत्क्षणी फर्मान सुटले, की शनिवारी कूच, आणि तळे डोळ्यांनी पाहिल्यावाचून पाटीस आपले नाव लागणार नाही.

फौज ऐशी: खासा बाईसाहेब, त्यांचे यजमान ओमुरकुल, आणि बूबूश एजे, ज्या केवळ फजिती पाहावयास निघाल्या. ओमुरकुलांनी ओझ्याचे कलम धाब्यावर बसवून आठ किलोंचे कलिंगड काखेत मारिले.

"अहो, ते कशाला?"

"मग वर जाऊन काय नुसती हवा खायची?"

पहाटे पाचास कूच जाहले. एक तास फौज वाऱ्यासारखी चालली. मग कुरण लागले आणि कुरणात तीन राहुट्या लागल्या, आणि आमचे मुलखाचा कायदा ऐसा, की पुढे धरलेली भाकर तोंडास लावल्याशिवाय कोणी दारावरून जाऊ नये. पहिल्या राहुटीत भाकर तोंडास लावली, आणि भाकरीस साय आली, आणि सायीमागे चहा आला, आणि चहात तीन पिढ्यांची खुशाली निघाली. दुसरीत घोडीच्या आंबवल्या दुधाचे वाडगे आले, आणि ओमुरकुल तेथेच अर्धा तास निजले. तिसरी जानिलची, बाईसाहेबांच्या विद्यार्थिनीची. ती वाटेतच आडवी उभी राहिली.

"बाई, माझ्या दारावरून अशाच जाणार? मी मेंढी काय मांजरासाठी शिजवली?"

तेथे फौज साफ बुडाली. नदीतीरी पोहोचली तेव्हा दुपारचे अडीच, आणि नदी दुथडी भरोन, दगड गडगडा लोटीत चालली होती.

"ही काय, इथून एका ढांगेत पार," म्हणोन एजेंनी सर्वांत अरुंद जागा दाखविली. ती पाहावी म्हणोन ओमुरकुलांनी कलिंगड काठावर ठेविले, आणि ते घरंगळले, आणि नेमके त्याच अरुंदात पडले, आणि तीन श्वासांत खडकावर फुटोन परलोकवासी जाहले. 

"गोड निघालं असतं," ओमुरकुल म्हणाले.

"झालं, चला घरी," एजे म्हणाल्या.

"घरी नाही, जानिलकडे. उद्या पहाटे परत यायचं," बाईसाहेबांनी फर्माविले.

रविवारी उजाडते वेळी नदी खाली बसली होती. परंतु राहुटीच्या दारी जानिल ताजी भाकर घेऊन उभी, आत चहा वाफाळत, आणि ओमुरकुल तर बूट काढू लागले. बसले की दुपार, दुपार की सोमवार, ऐसा पेच पडला. तेव्हा बाईसाहेबांस उमगले, की कायदा भाकर तोंडास लावण्याचा आहे, मांडी घालण्याचा नाही. त्यांनी उभ्या उभ्या चिमूट मोडली, तोंडात टाकली आणि यजमानांस दंडास धरोन ओढिले.

"बसले तर उठायची नाही गं, जानिल."

"मग काल का बसलात, बाई?"

"साय चांगली होती," बाईसाहेबांनी कबूल केले.

मग जेथे नदी तीन ओढ्यांत फुटोन पसरली होती तेथे, बूट पायांत, पट्टे मोकळे, काठी पुढे, तोंड प्रवाहाकडे, ऐसे तिघे एकमेकांस धरोन खेकड्यासारखे आडवे उतरले. पाणी मांडीस लागताच एजेंनी बाईसाहेबांचा दंड आवळिला.

"सोडलंस तर बघ हं."

"एजे, तुम्हीच नखं काढा आधी, रक्त येतंय."

यावरोन तिघांस ऐसे हसू लोटले, की गारठ्याचे भान राहिले नाही, आणि हसत हसतच पैलतीर लागला.

पुढे तीन तास चढ, आणि मग एकाएकी काश्का-कोल. निळे म्हणावे तो हिरवे, हिरवे म्हणावे तो निळे. बाईसाहेब काठावर मटकन बसल्या आणि रडू लागल्या, आणि रडता रडता हसू लागल्या. एवढा आनंद त्यांस उभ्या जन्मात जाहला नव्हता. एजेंनी काठी खाली ठेविली. मग शेजारी येऊन बसल्या.

"मी पण पहिल्यांदाच बघतेय, वहिनी. कुणाला सांगू नकोस."

येणेप्रमाणे सरोवर फत्ते जाहले. सोमवारी मजकूर रंगाऱ्याकडे गेला. शेवटचे कलम खोडोन नवे लिहिले होते, ते आजही खिंडीच्या तोंडाशी वाचावयास मिळते: 'सरोवर पाच तासांवर. भाकरीचा एक दिवस निराळा धरावा. स्वतः पाहून लिहिले: उमसुनाय व बूबूश.'