म्हाळसाबाईसाहेबांच्या उजव्या खांद्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी हातीपायी धड राखो. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, कार्तिक मासी म्हाळसाबाईसाहेब शस्त्रवैद्य निळकंठपंतांवर बहुत रुष्ट जाहल्या. कारण ऐसे जे, हा वैद्य हुकूम म्हणून देईना. बाईसाहेब पायरीवरून घसरून उजव्या खांद्यावर पडल्या होत्या आणि हात कमरेमागे जाईना आणि नऊवारीचा काष्टा सूनबाई सगुणाबाई खोवीत, तो ढिला. मग चारचौघांत उठावे तरी धास्ती, बसावे तरी धास्ती. साऱ्या मुलखास धाक घालणारी बाई, आणि लुगड्यास भिऊन चाले. मग पंतांनी यंत्रात निजवून खांद्याची छबी घेतली आणि अर्ज केला की, हाडास स्नायू बांधणारी आतील दोरी अर्धी विरली आहे; शस्त्र लावून शिवावी तर दीड महिना हात झोळीत आणि पुरता जोर यावयास सहा महिने; न लावावे तर तीन महिने रोज कसरत, गुण येईल वा न येईल, चीर वाढली तर वाढेलही. आज्ञा व्हावी.

"आज्ञा मी करू? मग तुम्ही एवढी बुकं आणली ती उशाला घ्यायला?" बाईसाहेब बोलिल्या. "तुमच्या आईचा खांदा असता तर काय केलं असतं?"

"तिलाही हेच विचारलं असतं. तिनंही असंच झोडपलं असतं."

बाईसाहेबांस हसू आले, ते पदराआड दाबिले. मग पंतांनी पुसिले, "या हातानं आपल्याला करायचं काय आहे, तेवढं सांगा."

"माझा काष्टा मला खोवायचाय. सुनेच्या हातचा नको."

सगुणाबाई म्हणाल्या, "मलाही नको, सासूबाई. खोवताना श्वास घेतला तरी बोलणी बसतात."

मग कसरत आधी, शस्त्र मागाहून, ऐसे बाईसाहेबांनी ठरविले आणि रोज भिंतीवर बोटे चढविली आणि पाठीमागे काठी धरून ओढिली आणि भिंतीस व काठीस मनसोक्त शिव्या दिधल्या, आणि माघ मासी एके सकाळी हात कमरेमागे पोहोचला आणि काष्टा ऐसा आवळून खोविला की सूनबाईंनी सासूबाईंआधी पेढे वाटिले. मग स्वारी पंतांकडे गेली. पंतांनी हात वर करविला, तो कानापाशी अडला. पंत म्हणाले, "अजून माथ्यावर जात नाही. आता शिवायचं का? आपण सांगाल तसं."

तात्पर्य, मोहीम फत्ते जाहली, रक्ताचा थेंब सांडला नाही, आणि बाईसाहेबांनी भर दवाखान्यात निवाडा सांगितला तो ऐसा:

"पंत, वरच्या फळीवरचं काढायला सून उंच आहे. खाली माझं मी बघते. तुमचं शस्त्र म्यानात राहू दे. आणि मला विचारलंत ते बरं केलंत, पण मी असं म्हणाले हे बाहेर सांगू नका."