अण्णांचा सातवा नियम

संयुक्त महाराष्ट्रासाठी आमच्या वाडीचा मोर्चा निघे तेव्हा सगळ्यांत पुढे झेंडा नसे, अण्णा दाबके असत. गळ्यात शिट्टी, खांद्यावर खाटेच्या नवारीचे लांब पट्टे, आणि मागून माणसाच्या चालीने येणारी बापूची जीप.

अण्णांना जाऊन महिना झाला. गिरगावात मोर्चे आता फारसे निघत नाहीत. पण कुठे शिट्टी वाजली की मी अजून नीट सावरून बसतो.

जीप महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात निघालेली. दारं नाहीत, टप नाही. 'ही डोंगर चढते आणि वळणावर उलटते,' असं अण्णा तिची ओळख करून देत. तिच्यासाठी त्यांनी नऊ नियम केले होते. मोर्चाआधी ते मोठ्याने वाचत आणि प्रत्येकाला नवारीने बाकाला बांधत. नियम पाचवा : घोषणा देताना उभे राहू नये.

"अण्णा, बसून 'झालाच पाहिजे' म्हटलं तर देणार कोण?" पोरं ओरडत.

"बसून मागितलेला महाराष्ट्र मिळतो. डोकं फोडून घेणाऱ्याला काय मिळतं, ते मला विचारा."

नियम सरकारनेही करावेत म्हणून ते मोटार खात्याला अर्ज पाठवत. इंग्रजी माझं, कारण मी शाळामास्तर. उत्तर एकच येई : अर्ज पोचला. अण्णा खूश होत. "पोचला, मास्तर! म्हणजे कुणीतरी उघडला."

दोन गोष्टी मात्र मला उमगत नसत. वाचताना ते सहाव्यावरून थेट आठव्यावर जात. आणि स्वतः जीपमध्ये कधीच बसत नसत. आम्हा सगळ्यांची हौस एकच, एकदा तरी अण्णांना बसवायचं. बापू मालवणचा. तो हात जोडी, "अण्णानू, एकदा बसा हो! जीप काय खाणा नाय तुमका."

"मी पुढे बरा," अण्णा म्हणत.

नवं राज्य होणार हे पक्कं झालं, तेव्हा शेवटचा अर्ज लिहिताना मी विचारलंच, "अण्णा, सातवा काय हो?"

ते बराच वेळ नवारीची गाठ सोडवत राहिले. "चालवणाऱ्याने शेजारच्याचं ऐकू नये. घाटात मी चालवत होतो. वसंता, माझा धाकटा भाऊ, शेजारी. म्हणाला, 'अण्णा, जरा जोरात.' इतका आनंदात होता की मी ऐकलं. पुढच्या वळणावर गाडी उलटली आणि तो गेला." मग हळूच म्हणाले, "तो नियम वाचला, तर चूक त्याची होती असं होईल."

अर्जात आम्ही आठच नियम घातले.

राज्य आलं त्या सकाळी वाडीत पेढे वाटले. जीपला तोरण बांधलं. अण्णांनी सगळ्यांना बांधलं, शिट्टी वाजवली, आणि पुढे जायचं सोडून ते बापूच्या शेजारी येऊन बसले.

मी मागच्या बाकावरून वाकून त्यांना नवार बांधली. त्यांनी ती दोनदा ओढून पाहिली.

जीप वाडीबाहेर पडली. रस्ता समोर मोकळा होता. अण्णांनी एका हाताने गाडीची कड धरली होती. टोपी दुसऱ्या हाताने धरत ते हळूच म्हणाले,

"बापू, जरा जोरात."

बापूने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच हो म्हटलं.