दिगूच्या राखीव चुका

दिगू परब चुका राखून ठेवतो. दुसऱ्यांच्या नव्हे, स्वतःच्या. कांदिवलीच्या आमच्या सोसायटीत पाणी, पार्किंग आणि कबुतरं यांवरून भांडणारे पुष्कळ आहेत, पण 'माझी चूक का सुधारलीस?' म्हणून बेल वाजवणारा हा एकटाच.

भानगड अशी आहे. दिगूने 'कानोसा' नावाचं एक सॉफ्टवेअर केलंय. ज्यांना दिसत नाही त्यांना ते मराठी पुस्तक मोठ्याने वाचून दाखवतं. फुकट. नुसतं फुकट नाही, उघडं. म्हणजे त्याच्या पोटात काय आहे ते कुणीही बघावं, सुधारावं आणि दिगूकडे पाठवावं. त्याने पसंत केलं की ते सगळ्यांना लागू. नोकरी सांभाळून एकटा किती करणार? म्हणून त्याला माणसं हवीत, आणि ती गोळा करायचं त्याला वेडच आहे.

लिफ्टमध्ये दोन मजले चढेपर्यंत तो विचारून घेतो, "इंजिनिअर काय? मग ये की आमच्यात!" बांगडे निवडता निवडता शेजारच्या गिऱ्हाइकाला विचारतो. पाटलांच्या वास्तुशांतीला तर त्याने भटजींनाच गाठलं. "गुरुजी, आवाज झकास आहे तुमचा. रेकॉर्ड करू या ना." गुरुजी प्रसाद न घेताच निघाले.

मलाही म्हणाला, "तू पण ये."

म्हटलं, "अरे, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"मराठी कळतं ना? ऐकायचं आणि कुठे चुकतंय ते सांगायचं. बस झालं यार."

असा मी बँकेतला माणूस सॉफ्टवेअरवाला झालो. खरं तर ऐकतात माझ्या सासूबाई. त्यांची नजर गेलीय, पण प्रेमकथांची हौस गेलेली नाही. एकदा अशीच एक कथा चालू होती. राजाने राणीचा हात धरला आणि सत्तेचाळीस तिच्या डोळ्यांत पाहिलं. सासूबाईंनी माझ्या बायकोला हाक मारली, "गो, ह्यो सत्तेचाळीस कोण? मगाशी तर नाय होतो!"

तो पानाचा आकडा होता. पुढच्या पानावर अठ्ठेचाळीस उगवला आणि प्रेमाचा पार विचका झाला. माझी मुलगी इंजिनिअर. तिने पोहे खाता खाता ते दुरुस्त केलं आणि दिगूकडे पाठवून दिलं. बशी रिकामी व्हायच्या आत दिगू दारात.

"कुणी हात लावला तिला?"

"कुणाला?"

"चुकीला! मेल्या, राखीव होती ती!"

चिडला की दिगूची भाषा मालवणला जाऊन येते. पाणीबिणी प्यायल्यावर त्याने खुलासा केला. अवघड चुका तो स्वतः निस्तरतो. बारीकसारीक, सोप्या असतात त्या नव्या माणसांसाठी बाजूला ठेवतो.

"नवी सून घरात आली की पहिल्या दिवशी तिला काय करायला सांगतोस? शिरा. कोंबडी-वडे सांगशील काय? पहिल्या दिवशी जमलं पाहिजे रे. जमलं की माणूस राहतो."

"आणि तोवर माझ्या सासूबाईंनी काय करायचं?"

"कळ काढायची."

ही चूक म्हणे कुर्ल्याच्या रोहिणीसाठी होती. रोहिणी दिवसभर एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर बघून प्रोग्रामिंग शिकते. तिने दिगूला विचारलं होतं, "सर, माझं कॉलेज झालेलं नाही. मला जमेल का?" दिगूने तिला हे काम दिलं आणि त्यानंतर पोरीचा पत्ताच नाही. तिच्याआधी आलेले सगळे एकेक काम करून पांगले होते. आता दिगूचा सगळा जीव हिच्यात अडकला होता.

"परत आली आणि काम झालेलं दिसलं, तर काय वाटेल तिला? आपल्यावाचून काही अडत नाही. मग कशाला राहील ती?"

आणि या गृहस्थाने घरी जाऊन मुलीची दुरुस्ती पसंत न करता बाजूला ठेवली आणि ती चूक होती तशीच राहू दिली! माझी मुलगी कपाळाला हात लावून बसली. सासूबाईंनी दिगूचा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

मागल्या शनिवारी दुपारी मी त्याच्याकडे बसलो होतो, तेवढ्यात रोहिणीचं काम आलं. दिगू खुर्चीतून उठलाच. लावून ऐकलं, तर पानांचे आकडे गेले होते. पण त्यांच्याबरोबर पुस्तकातले यच्चयावत आकडेही गेले होते. "गाडी वाजता सुटली. त्याला मुलगे आणि मुली होत्या." मी हसून हसून आडवा झालो.

"वाट लागली! सांग तिला, चुकलंय म्हणून."

दिगू हसला नाही. उत्तर लिहायला बसला. लिहायचं, पुसायचं, परत लिहायचं. माझा संयम संपला.

"एवढं काय रे त्यात? 'चुकलंय, नको.' संपला विषय."

"मला उत्तर तेवढंच आलं होतं," तो म्हणाला. "नवीन नोकरीला लागलो होतो. परदेशातल्या एका मोठ्या सॉफ्टवेअरसाठी खपून काहीतरी केलं आणि पाठवलं. आईला सांगून ठेवलं होतं, बघ, तिकडचे लोक माझं काम घेणार. 'चुकलंय, नको.' बरोबरच होतं रे त्यांचं. चुकलंच होतं. पण मग कित्येक वर्षं मी कुणाला काही दाखवलंच नाही. लाज वाटायची. नुसतं 'ये, बस' म्हटलं असतं ना कुणी..."

इतकी वर्षं मला वाटत होतं, दिगूला माणसांचा सोस आहे. त्या दुपारी कळलं, दिगू घाबरलाय. ही पोरगी जाईल, आणि आपल्यामुळे जाईल, म्हणून. मला फार वाईट वाटलं.

शेवटी त्याने लिहिलं, "रोहिणी, आलीस, बरं वाटलं. पानांचे आकडे मस्त काढलेस. बाकीचे राहायला हवेत, ते आपण मिळून बघू. कधी जमेल?"

पाठवलं आणि आम्ही दोघे स्क्रीनकडे बघत बसलो. मी पण, हो. चहा तसाच राहिला.

उत्तर आलं, "सर, मला वाटलं तुम्ही ओरडणार. आत्ता बसू का?"

दिगूने चष्मा काढून शर्टाला पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू नीघ रे आता. माझ्याकडे माणूस आलंय."