उखळाच्या ठेक्यावर

चेंडू पुन्हा शेजारच्या रखमीच्या पेंढ्याच्या उडवीत घुसला. दारात बसलेल्या गिरजेने मांडीवरच्या शकूला दुसऱ्या कुशीवर घेतलं आणि वहीत आणखी एक रेघ मारली.

"काय मोजतेस गो?" कापलेल्या भाताच्या शेतातून कमळाकरने विचारलं.

"काही नाही हो. तुम्ही मारा."

कमळाकर मुंबईला साहेबांच्या क्लबात गोल्फ शिकवायचा. बारा-तेराव्या वर्षी तिथेच साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहिली होती. आता साहेबांची बोटं धरून काठी कशी पकडावी ते तोच सांगे. येत्या रविवारी क्लबात सामना होता. जिंकेल तो मुख्य शिक्षक, आणि मुख्य शिक्षकाला राहायला दोन खोल्या. त्या खोल्यांवर गिरजेचा डोळा होता. खर्डीपासून कोसभर आत असलेल्या या गावात महिन्यातून दोनच दिवस नवरा घरी येई. सात महिन्यांच्या शकूचं अंग जरा तापलं की गिरजा थर्मामीटर लावी. गावात तो तिला एकटीलाच वाचता यायचा, आणि आकडा सांगायला जवळ कोणी नसायचं.

सरावासाठी म्हणून कमळाकर रजा घेऊन आला आणि नवलच झालं. मुंबईत दोरी ओढल्यासारखा सरळ जाणारा चेंडू इथे वाकडा जाऊ लागला. ढेकळांचा दोष म्हणावा तर चेंडू हवेतच वळत होता. गिरजा कल्याणच्या मास्तरांची मुलगी, इंटरपर्यंत शिकलेली. कारण सापडल्याशिवाय तिला चैन पडेना. तिने वालाचं बिरडं बंद केलं, फरक नाही. बूट बदलायला लावले, फरक नाही. सकाळचं ऊन सोडून संध्याकाळच्या उन्हात मारायला लावलं, तरी चेंडू उडवीतच.

गुरुवारी सासूबाईंनी, धोंडूबाईंनी, अंगणातल्या उखळात मिरच्या कांडायला घेतल्या. पोरीला ठसका लागेल म्हणून गिरजा शकूला घेऊन मागच्या पडवीत पळाली. थोड्या वेळाने तिचा दीर महादू धावत आला.

"वैनी, पाच मारले दादानं! पाचही सरळ, आंब्याच्या पल्याड!"

गिरजा जागीच थबकली. अंगणातून मुसळाचा आवाज येत होता. धब्, धब्, धब्. एकदम डोक्यात उजेड पडला. कमळाकर गावच्या भजनात मृदंग वाजवायचा; डोळे मिटून बसला की एक मात्रा इकडची तिकडे होत नसे. लहानपणी याच अंगणात आईच्या कांडणाबरोबर तो बांबू फिरवायचा. अशा माणसाला ठेका हवा! आणि या घरातलं कांडण बंद कोणी केलं होतं? शकू दचकते म्हणून भात शहापूरच्या गिरणीत पाठवायला लावलं होतं ते गिरजेनेच.

"आई, आज थोडं कांडता का?" शुक्रवारी तिने हळूच विचारलं.

"काय कांडू? मिरच्या सरल्या. भात तू गिरनीला घातलास."

"मग नुसतंच..."

"रिकामं उखळ कांडायचं? अपशकुन तो!" धोंडूबाईंनी कपाळाला हात लावला. "कोनाच्या वाईटावर हायस गो?"

शेवटी गिरणीतून सडून आलेला पांढरास्वच्छ तांदूळ उखळात पडला. "सडलेलं परत सडायचं! शिकलं की असं होतं काय?" असं म्हणत धोंडूबाईंनी मुसळ उचललं. दुसऱ्या मुसळाला रखमी आली, आणि दोन बाया एका उखळाशी उभ्या राहिल्यावर गाणं आलंच. रखमीचा गळा असा की पलीकडच्या पाड्यातली गुरंही मान वळवीत.

मिरच्या नसल्यामुळे आज ठसक्याचं भय नव्हतं. गिरजा वही घेऊन दारात बसली. कमळाकरने काठी फिरवली. चेंडू उडवीत!

दुसरा चेंडू मारायच्या आत गावातली रंभा आली, खांद्यावर स्वतःचं मुसळ घेऊन.

"घाना भरताव आनि आमाला सांगलं पन नाय?"

गिरजा धडपडत उठली. लग्न ठरलं की गावातल्या सवाष्णी एकत्र जमून कांडण करतात आणि गाणी म्हणतात, त्याला घाणा भरणं म्हणतात, हे ती साफ विसरली होती.

"कुणाचं लग्न? कुणाचंच नाही!"

"लपवतेस कशाला? महादूचंच ना? घरात दुसरं उरलंय कोन?"

उडवीत चेंडू शोधणारा महादू घसरत खाली आला. "माझं? पोरगी कुठली?"

"वैशाखरे गावची असंल," रंभा बिनदिक्कत म्हणाली. "तिकडं पोरी उंच."

महादू केस विंचरायला घरात गेला.

पाहता पाहता अकरा बाया आणि पाच मुसळं जमली. हळद कुठाय, आंब्याची डहाळी कुठाय, अशी विचारपूस सुरू झाली. गिरजा एकेकीला समजावत होती आणि एक डोळा नवऱ्यावर ठेवून होती. कमळाकरने दात खाऊन काठी फिरवली. चेंडू उडवीच्या खांबावर आपटला, उलटा फिरला, टुणकन अंगणात आला आणि थेट उखळात पडला. गाण्याच्या भरात रखमीचं मुसळ खाली आलं. चेंडू उसळला आणि आंब्यावरून सरळ पलीकडे गेला.

त्या दिवसाचा एकुलता एक सरळ फटका रखमीने मारला!

कमळाकरने काठी खाली टाकली. "गिरजे, तू आत जा बघू."

"मी? मी काय केलं? मी तर तुमच्यासाठी ठेका..."

"ठेक्याचं काय नाय. काल तू मागल्या पडवीत होतीस." तो कानापर्यंत लाल झाला होता. "साहेब बघतात, मडमा बघतात, मला काय वाटत नाय. पन तू दारात बसून बघतेस ना, तवा तुला कसं वाटलं, ते बघाया मान वर होते. मान वर झाली का चेंडू गेलाच."

गिरजेने वहीकडे पाहिलं. बूट, वाल, ऊन, ढेकळं, सगळं लिहिलेलं होतं. लिहिणारी तेवढी राहिली होती.

"अगो बाय!" रंभा मुसळावर रेलून हसली. "एक पोर झालं तरी नवरा लाजतोय!"

शनिवारी कमळाकर गाडीला निघेपर्यंत गिरजा मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसली. रविवार तिने तसाच काढला, जणू मुंबईपर्यंत नजर पोचली असती.

मंगळवारी तो पेढे घेऊन आला.

"मिळाल्या?"

"मिळाल्या. दोन खोल्या. नळ आत."

"आणि खिडकी?"

"हाय की. मोठी हाय."

"बाहेर काय दिसतं?"

कमळाकरने मान खाजवली. "पहिला फटका मारतात ना, ती जागा. बरोबर समोर."

मग त्याने पिशवीतून हिरवं, सतरंजीसारखं जाड कापड काढून तिच्यापुढे ठेवलं. "पडदा तूच शिव."

गिरजेने सुई ओवली. पडदा चांगला जाड झाला. डाव्या कोपऱ्यात तिने एका डोळ्यापुरती जागा तेवढी सोडली.